चार ते नऊ : दुकान, मैदान आणि अकरावीतली एक मुलगी

ऑगस्ट २०२४च्या शेवटच्या आठवड्यात अकरावी वाणिज्यच्या एका विद्यार्थिनीला दोन निरोप आले. बाजारपेठेतल्या एका कापड दुकानाला गणपतीपासून काउंटरवर मुलगी हवी होती : दुपारी चार ते रात्री नऊ, महिना साडेपाच हजार रुपये, दिवाळीला एक ड्रेस. आणि १९ वर्षांखालील खो-खो संघाच्या क्रीडाशिक्षकांनी सांगितलं की तालुका जिंकला, आता जिल्हा आहे. रोज साडेचार ते साडेसहा सराव, शिवाय पहाटे सहाला धावणं, आणि दांडी चालणार नाही.

गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवतो. तिच्या वर्गाचा वर्गशिक्षक मीच, म्हणून दुकानाचं कळल्यावर क्रीडाशिक्षक पहिल्यांदा माझ्याकडे आले. "तुम्ही तिच्या आईशी बोला," म्हणाले. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील आणि रकमा इथे बदलल्या आहेत, आणि अशाच पेचात सापडलेल्या आणखी एकदोन मुलींचे अनुभवही यात मिसळले आहेत. पेच मात्र होता तसाच ठेवला आहे.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, दोन वर्षांपूर्वी गेले. आई घरी शिलाई करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. धाकटा भाऊ आठवीत, शिवाय आजी. भाड्याच्या दोन खोल्या.

घरी गेलो तेव्हा आईनं मशीन थांबवलं नाही. दुसऱ्या दिवशी द्यायचे ब्लाउज होते. शिवता शिवताच बोलल्या, "सर, खेळू नको असं मी तिला कधीच म्हटलं नाही. तिच्या वडलांना लई कौतुक होतं. मॅच असली की यार्डातनं सुट्टी काढून यायचे. पण आता हाताला काम मिळतंय, तर नको कसं म्हणू? खेळून घरात काय येतंय, सांगा की."

त्या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, आणि मी दिलंही नाही.

शिक्षकांच्या खोलीत मात्र उत्तरं तयार होती. एक सहकारी म्हणाले, खेळाडू व्हायचं तर त्याग करावाच लागतो. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, गरिबाच्या पोरीला असली स्वप्नं दाखवू नका, दुकानात चार लोकांशी बोलायला शिकेल, ते आयुष्यभर कामाला येईल. दोघांचाही मुलीवर जीव आहे. पण त्या घरात महिन्याला किती येतात आणि किती जातात हे दोघांनीही विचारलेलं नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलीला सल्ला देण्याआधी एवढं विचारणं हे मोठ्या माणसांचं कर्तव्य आहे, असं मला मनापासून वाटतं. न विचारता दिलेला सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी त्याची किंमत तिनंच मोजायची असते.

आणि मुलीला काय हवंय, हेही कुणी विचारलं नव्हतं. क्रीडाशिक्षकांच्या मते ती नाइलाजानं दुकानात चालली होती. आईच्या मते ती नाइलाजानं खेळ सोडत होती. एका मधल्या सुट्टीत तिला एकटीला बसवून विचारलं, तर वेगळंच ऐकायला मिळालं. तिला दुकानात जायचं होतं. नुसतं घरासाठी नव्हे, स्वतःसाठीसुद्धा. "सर, स्पर्धेला जाताना बूट कुणीतरी देतं, ट्रॅकसूट कुणीतरी देतं, मग फोटो काढतात. मला माझ्या पैशानं एकदा बूट घ्यायचेत." आणि खो-खो? "ते तर पाहिजेच. पण मी रोज गेले नाही तर सर मला दुसऱ्या तुकडीत टाकतील. तसं खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं."

या पोरीला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही पुरेपूर हवं होतं. पुढचं सगळं आम्ही तिच्या या म्हणण्यापासून सुरू केलं.

पहिल्या तुकडीचं ती का म्हणत होती, हे खो-खो पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. संघ बारा जणींचा, मैदानात नऊ. संरक्षणाला तिघी-तिघींच्या तुकड्या उतरतात. पहिली तुकडी जितका वेळ काढेल तितका पुढच्यांवरचा भार कमी होतो. नऊ मिनिटांच्या डावात पहिल्या तिघींनी पाच मिनिटं खाल्ली तर समोरच्या संघाचा धीर सुटतो. ही मुलगी एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या मुलींच्या रांगेतून नागमोडी, पळायची आणि खांबाजवळ अंग चोरून वळायची, ते पाहत राहावंसं वाटायचं. पण हे एकटीचं कसब नाही. एकीच्या मागे पाठलाग लागला की उरलेल्या दोघींनी कुठे सरकायचं, कधी मध्ये यायचं, हे रोजच्या सरावानंच अंगात भिनतं. म्हणून क्रीडाशिक्षकांचा 'दांडी नाही' हा हट्ट मला चुकीचा वाटला नाही. आठवड्यातून तीन दिवस येणारी धावपटू चालून जाईल, आठवड्यातून तीन दिवस येणारी तुकडी चालत नाही.

हिशेब

मी त्यांच्या घरी दुसऱ्यांदा गेलो तो कोरी वही घेऊन. आईंना म्हणालो, ताई, मी हिशेबाचा मास्तर आहे, मला दुसरं काही येत नाही. आपण एकदा लिहून काढू. त्या आधी संकोचल्या, मग मुलीलाच सांगायला बसवलं. पोरीला सगळं तोंडपाठ होतं. जवळजवळ प्रत्येक गरीब घरात थोरल्या मुलीला ते असतं.

जमा : शिलाईचे सरासरी ७,५०० आणि लाडकी बहीण योजनेचे १,५००. ही योजना त्याच वर्षी जुलैपासून लागू झाली होती आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये एकदम आले होते. ते उधारीत गेले होते. एकूण जमा ९,०००.

खर्च : भाडं २,२००, किराणा-दूध-भाजी ४,०००, गॅस आणि वीज १,३००, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता २,१५०, भावाचा रिक्षा-वह्यांचा खर्च ६००, आजीची औषधं ५००. बेरीज १०,७५०.

तूट १,७५०. शिवाय वाण्याकडे ६,००० रुपयांची जुनी उधारी.

ही तूट कागदावर उतरेपर्यंत घरात, शाळेत, मैदानावर सगळीकडे बोलणं साडेपाच हजारांचं चाललं होतं. साडेपाच हजार हा दुकानदारानं सांगितलेला आकडा होता, घराच्या गरजेचा नव्हे. घराची गरज होती १,७५०. आणि पुढची ओळ लिहिताना आई पहिल्यांदा मशीनवरून उठून वहीत डोकावल्या. बचत गटाचा हप्ता फेब्रुवारीअखेर संपणार होता. म्हणजे मार्चपासून तूट जाऊन महिन्याला चारशे रुपये उरणार होते. सप्टेंबर ते फेब्रुवारी अशा सहा महिन्यांची तूट १०,५०० आणि उधारी ६,०००, मिळून १६,५०० रुपये. एवढाच खड्डा भरायचा होता, आणि त्याला शेवट होता.

आजारपण, मशीनची दुरुस्ती, लग्नाचा आहेर यांतलं काहीच या वहीत धरलं नव्हतं, हे मला माहीत आहे. गरिबाच्या घरचा अंदाज महिनाभरात चुकतो. तरीही 'घरात पैशाची अडचण आहे' या वाक्यात आणि 'फेब्रुवारीपर्यंत साडेसोळा हजार कमी पडतात' या वाक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वाक्यापुढे मुलगी फक्त मान खाली घालू शकते. दुसऱ्यावर काहीतरी करता येतं.

आईंच्या मनात आणखी एक ओझं होतं, पुढच्या शिक्षणाच्या फीचं. आत्तापासून साठवलं नाही तर बारावीनंतर पोरगी घरीच बसेल, अशी त्यांची समजूत. बारावीपर्यंत मुलींचं शिक्षण अनुदानित संस्थांत मोफत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं. जुलै २०२४मध्येच राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी दिली होती. वसतिगृह, पुस्तकं, प्रवास हे खर्च त्यात येत नाहीत, तेही मी सांगितलं. पण निदान अकरावीतल्या संध्याकाळी गहाण टाकून फी साठवण्याचं कारण उरलं नाही.

वडील नसल्यामुळे आणखी एक वाट होती, बालसंगोपन योजनेची. एकल पालकाच्या मुलांना १८ वर्षांपर्यंत दरमहा २,२५० रुपये. पूर्वी ही रक्कम १,१०० होती, २०२३मध्ये वाढली. वडील जाऊन दोन वर्षं झाली तरी या घराला कुणी हे सांगितलेलं नव्हतं. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, अशी फाईल करून जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायची, मग बाल कल्याण समितीचा आदेश. हे काम आमच्या कार्यालयातल्या लिपिकबाईंनी मनावर घेतलं आणि सप्टेंबरातच दोन्ही भावंडांचे अर्ज गेले. पैसे लगेच येणार नाहीत हे त्यांनी आईंना आधीच बजावून सांगितलं, ते फार बरं केलं. येणाऱ्या पैशावर विसंबून काढलेलं कर्ज गरिबाला सगळ्यात महाग पडतं.

सात वाजल्यानंतर

मुलगी अठरा वर्षांच्या आतली होती, आणि या प्रकरणात सगळ्यात कमी बोललं गेलं ते याच गोष्टीबद्दल.

बाल व किशोरवयीन कामगारांबद्दलचा कायदा १९८६चा, त्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवताच येत नाही. शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करणं आणि कलाकार म्हणून काम करणं एवढेच अपवाद. चौदा ते अठरा या वयात धोक्याची कामं बंद आहेत, बाकी कामं करता येतात. कापड दुकान चालतं. पण त्या कामाच्या वेळेला मर्यादा आहे. सलग तीन तासांपेक्षा जास्त काम नाही, त्यानंतर निदान एक तास विश्रांती. विश्रांती धरून दिवसाचा पसारा सहा तासांच्या आत. जादा काम नाही. आठवड्याला एक पूर्ण सुट्टी. आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम करून घेता येत नाही.

म्हणजे चार ते नऊ हा प्रस्तावच कायद्यात बसत नव्हता. सात ते नऊ तर नाहीच, आणि मधली तासाची सुट्टीही त्यात नव्हती.

कायद्याचा बडगा दाखवून आम्ही दुकानदाराकडे गेलो नाही. तसं केलं असतं तर त्यांनी दुसरी मुलगी ठेवली असती, तीही बहुधा सतराचीच, आणि बाजारपेठेत आमच्या मुलींना कुणी उभं केलं नसतं. पण आमच्या आपापसातल्या बोलण्यात या तरतुदीनं मोठं काम केलं. रात्री साडेनऊला बाजारातून एकटी परतणारी मुलगी ही तोवर फक्त आईची काळजी होती. आता ती सगळ्यांनी मान्य केलेली हद्द झाली.

यात तिच्या शरीराचाही प्रश्न होता. पहाटे सहाला मैदान म्हणजे पाचला उठणं. नऊला दुकान सुटून घर, जेवण, भांडी, अभ्यास यात साडेअकरा. साडेपाच तासांची झोप. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं वैद्यकशास्त्र सांगतं. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, ५४ टक्के, स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. आपल्या मुलीला तो नसेल असं कुणी गृहीत धरू नये. ग्रामीण रुग्णालयात तपासणी केली तर हिमोग्लोबिन कमी निघालंच. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. 'सकाळी मैदान, दुपारी अभ्यास, संध्याकाळी दुकान, मनात असेल तर सगळं जमतं' असं भाषणात म्हणणाऱ्यांनी एकदा अशा मुलीचा रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन पाहावा.

खेळून घरात काय येतं

आईंच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी क्रीडाशिक्षकांना सोबत नेलं, आणि फुगवून काही सांगायचं नाही असं आधीच ठरवलं.

बारावीच्या निकालात खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण आहेत, पण ते स्पर्धेचा स्तर आणि कामगिरी यांवर ठरतात आणि प्रस्ताव जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे वेळेत जावा लागतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण २००५पासून आहे. पण त्याला नुसता सहभाग पुरत नाही, ठरलेल्या स्पर्धेत ठरलेला क्रमांक लागतो, आणि प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. आमचा संघ आत्तापर्यंत विभागाच्या पुढे गेलेला नव्हता. तेव्हा 'खेळली तर नोकरी लागेल' असं म्हणणं म्हणजे त्या माउलीला फसवणं झालं असतं.

क्रीडाशिक्षकांनी शेजारच्या जिल्ह्यातल्या सारिका काळे यांचं नाव काढलं. धाराशिवच्या या खेळाडूच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघानं २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, २०२०मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्या राज्याच्या क्रीडा खात्यात तालुका क्रीडा अधिकारी झाल्या. घरच्या गरिबीमुळे कैक वर्षं एक वेळच्या जेवणावर काढली, असं त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. मुलीचे डोळे हे ऐकताना चमकले. आई म्हणाल्या, "एक वेळ जेवून खेळली, तर तिच्या आईला काय वाटलं असंल?" मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. अशा हकिगती आपण मुलींना उमेद यावी म्हणून सांगतो, पण उपाशी राहून खेळणं ही काही पात्रतेची अट होऊ नये.

मग खेळाच्या बाजूनं उरतं काय? मी आईंना एवढंच म्हणालो की १९ वर्षांखालच्या संघात तिची दोनच वर्षं आहेत, हे आणि पुढचं. दुकानं पुढेही असतील. वडील गेल्यानंतर ही मुलगी ज्या एका जागी खळखळून हसते ती जागा मैदान आहे, हे तिच्या वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं होतं. तेही मी आईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. वही मात्र ठेवून घेतली.

एक ते चार

वाट मुलीनंच सुचवली. तिनं आदल्या दिवाळीत दोन आठवडे एका दुकानात घड्या घालण्याचं काम केलं होतं, त्यामुळे दुकानाच्या आतलं तिला माहीत होतं. दुपारी एक ते चार दुकान ओस असतं, पण काम संपलेलं नसतं. आलेला माल मोजायचा, किमतीच्या चिठ्ठ्या लावायच्या, खरेदीची बिलं संगणकात चढवायची. हे काम शेठ रात्री दुकान बंद झाल्यावर स्वतः करतात आणि बिलं तुंबतात. "बिलं मला चढवता येतील की, सर. तुम्ही शिकवलंय ना."

कॉलेज साडेसात ते साडेबारा. जेवून एकला दुकान, चारला सुट्टी, साडेचारला मैदान. तीन तास सलग, दिवसाउजेडी, कायद्याच्या आत.

शेठ लगेच तयार झाले नाहीत. त्यांना गिऱ्हाइकापुढे साडी उलगडणारी मुलगी हवी होती, बिलं चढवणारी नव्हे. "सर, सगळ्या दुकानांत पोरी नऊपर्यंतच असतात," ते म्हणाले, आणि ते खरंच आहे. शेवटी एक महिना बघू म्हणाले, तीन हजारांवर. तासाला अडतीस-एकोणचाळीस रुपये पडतात. मोठ्या माणसाला या दरात कुणी बिलं चढवायला बसवलं नसतं. मी तसं बोललोही, पण रक्कम वाढली नाही. सहा महिन्यांचे १८,००० होत होते आणि घराला १६,५०० हवे होते, म्हणून आम्ही होकार दिला. हिशेब जुळला, पण तो दर न्यायाचा होता असं मी म्हणणार नाही.

क्रीडाशिक्षकांनाही काही सोडावं लागलं. संध्याकाळचा सराव पूर्ण, पण पहाटेचं धावणं आठवड्यातून दोनच दिवस, अशी तडजोड झाली. त्यांना ते जड गेलं. बाकीच्या अकरा जणी काय म्हणतील, एकीला सूट दिली तर शिस्त कशी राहील, हा त्यांचा आक्षेप योग्यच होता. मग त्यांनी संघालाच विचारलं. मुलींनी होकार दिला, आणि बोलता बोलता कळलं की आणखी दोघी घरी द्राक्षबागेत आणि पिठाच्या गिरणीत काम करून मैदानावर येत होत्या. त्याबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पहाटेचं धावणं सगळ्यांनाच तीन दिवसांवर आलं.

इथे एक गोष्ट मनात राहून राहून येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' ही वाट याच भागात रुजवली. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ला सुरू झालं तेही याच पायावर. त्या योजनेत काम संस्था देत असे आणि कामाची वेळ शिक्षणाभोवती बेतलेली असे. आज विद्यापीठांत, वरिष्ठ महाविद्यालयांत ही योजना या ना त्या रूपात आहे. पण अकरावी-बारावीचं मूल, ज्याच्या घरी तितकीच नड असते, ते सरळ बाजारात जातं आणि बाजाराची वेळ गिऱ्हाईक ठरवतं. कनिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा इथे दुपारचे दोन-तीन तास कामाला मुलं लागतात, हे तिथं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. तेवढी तरतूद असती तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं.

पुढे काय झालं

जिल्हा स्पर्धा सप्टेंबरमध्ये झाली, आमचा संघ जिंकला. विभागीय स्पर्धा पुण्यात, नवरात्राच्या तोंडावर. दुकानात त्याच दिवसांत माल उतरत होता. तिनं रजा मागितली, मिळाली, पगार कापला गेला. उपांत्य सामन्यात आम्ही हरलो. पहिल्या डावात तिनं अडीच मिनिटांच्या वर संरक्षण केलं, दुसऱ्यात मात्र सूर मारणाऱ्या एका मुलीनं तिला लवकर टिपलं. राज्य स्पर्धा हुकली, म्हणजे आईंना दाखवण्यासारखं मोठं प्रमाणपत्र त्या वर्षी आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज आणि सराव दोन्ही बंद होते, तेव्हा ती दहा ते चार दुकानात गेली, मध्ये एक तास घरी जेवायला. शेठनी वसुबारस ते लक्ष्मीपूजन रात्री थांबायचा आग्रह धरला. या वेळी आई स्वतः दुकानात जाऊन 'सातच्या पुढं नाही' असं सांगून आल्या. आम्हा शिक्षकांपैकी कुणी सोबत नव्हतं, आम्हाला ते नंतर कळलं.

सगळं नीट झालं असं नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षेत अर्थशास्त्र आणि चिटणीसाची कार्यपद्धती या दोन विषयांत तिचे गुण घसरले. नोव्हेंबरात ती पहिल्या तासाला बसल्या जागी झोपायची आणि मला तिला उठवणं जिवावर यायचं. डिसेंबरात आजी पडली, औषधांचा खर्च वाढला आणि वाण्याची उधारी फेब्रुवारीत फिटायची ती एप्रिलवर गेली. उलट पुस्तपालनात ती वर्गात पहिली आली, कारण खरी खरेदी-विक्रीची बिलं रोज हाताखालून जात होती. आणि जानेवारीत तिनं स्वतःच्या पैशानं बूट घेतले.

त्याच महिन्यात दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ नेपाळला हरवून जिंकले, आणि महिला संघाची कर्णधार होती आपली प्रियांका इंगळे. गावात मोबाइलवर अंतिम सामना पाहिला गेला. दुसऱ्या दिवशी क्रीडाशिक्षक मला म्हणाले, बघा, सोडला असता तर! मला हे म्हणणं पटलं नाही आणि मी तसं सांगितलं. विश्वचषक भारत हरला असता तरी या मुलीचा मैदानावरचा हक्क तेवढाच राहिला असता.

बालसंगोपनाचा आदेश मार्चमध्ये आला. मुलीला थोडेच महिने मिळणार होते, भावाचे मात्र सुरू राहतील. बचत गटाचं कर्ज ठरल्याप्रमाणे संपलं.

जुलै २०२५मध्ये ती अठरा वर्षांची झाली. सात वाजताची हद्द आता तिच्यासाठी नाही. त्याच आठवड्यात शेठनी पुन्हा चार ते नऊचा प्रस्ताव ठेवला, या वेळी साडेसात हजार. तिनं आईसोबत वही काढली, मग एकटीच जाऊन बोलली : बारावीचं वर्ष आहे, संघातलं शेवटचं वर्ष आहे, एक ते चारच येईन, पण बिलांबरोबर आता महिनाअखेरचा स्टॉकही मीच लावते, म्हणून चार हजार हवेत. शेठ तीन हजार आठशेवर आले.